कोरडा फिल्टर

इंजिन बंद पडलं की खूश होणारा मेकॅनिक मी आयुष्यात एकच पाहिला. यशवंत कासारे. चिंचपोकळीला रेल्वेच्या भिंतीला लागून गाळ्यांची एक रांग आहे, तिच्या अगदी टोकाच्या गाळ्यात ते जीपगाड्यांना स्नॉर्कल बसवायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. मीही.

स्नॉर्कल म्हणजे गाडीचं लांब केलेलं नाक. इंजिनाला हवा लागते आणि ती हवा ते बोनेटच्या आतून, चाकाच्या जरा वर असलेल्या तोंडातून ओढून घेतं. गाडी ओढ्यात घातली आणि पाणी तिथवर चढलं, की हवेऐवजी पाणी आत जातं आणि इंजिन जागच्या जागी मोडतं. म्हणून मडगार्डला भोक पाडायचं, तिथून एक जाड काळा पाइप बाहेर काढायचा आणि समोरच्या काचेच्या कडेने टपापर्यंत न्यायचा. सांगायला एवढंच. रस्त्यावरचे पोरगे दोन तासांत बसवून देतात. मिस्त्रींना दोन दिवस लागायचे.

पहिला दिवस तर नुसता बघण्यात जायचा. मडगार्डवर कागदाचा साचा चिकटवायचे, मग लांब जाऊन भिंतीला टेकून उभे राहायचे. चहा प्यायचे. परत येऊन साचा अर्ध्या बोटाने सरकवायचे. मालक घाई करायला लागला की म्हणायचे, "पत्र्याला एकदाच विचारता येतं, शेठ." मग ड्रिल हातात घ्यायचे आणि एकदा घेतलं की कुणाशी बोलायचे नाहीत. भोक पाडून झालं की त्याच्या कडेवरून करंगळी फिरवून बघायचे, रंग लावायचे, नाहीतर तिथून गंज धरतो. हवा गाळणाऱ्या फिल्टरच्या डब्याच्या तळाला साचलेलं पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं. बाकीचे ते बुजवायला विसरतात आणि मग वरून एवढं मोठं नाक लावूनही पाणी खालून आत येतं. मिस्त्री सगळ्यात आधी ते बुजवायचे.

सगळं बसलं की परीक्षा. गाळ्यात खिळ्याला एक पोळपाट टांगलेला असे. पाय तुटला म्हणून घरातून निकालात निघालेला. त्याला त्यांनी सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं होतं. गाडी चालू करायला सांगायचे, स्टुलावर चढायचे आणि तो पोळपाट स्नॉर्कलच्या तोंडावर दाबून धरायचे. कुठल्याही सांध्यात सुईएवढी फट राहिली असेल तर इंजिन तिथून हवा ओढून चालत राहणार. नसेल तर गुदमरणार. इंजिन थरथरायचं, दोन-चार आचके द्यायचं आणि थांबायचं. त्या शांततेत मिस्त्रींचा चेहरा असा उजळायचा की बघत राहावं.

"मेलं," म्हणायचे. "आता घेऊन जा."

मी मोटार विम्याची सर्व्हेअर. अपघातातल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या बघायच्या, काय बिघडलं आणि कशामुळे, याचा रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. गिरगावातल्या आमच्या घरात सगळे कचेऱ्यांत बसून कारकुनी केलेले. गाडीखाली वाकून बघणारी मी पहिली. मिस्त्रींची ओळख झाली ती शेजारच्या गॅरेजमध्ये. पाण्यात बंद पडलेली एक गाडी मी बघत होते आणि मालक शपथेवर सांगत होता की बंद पडल्यावर त्याने चावीला हातही लावला नाही. पाणी शिरलेल्या इंजिनाला पुन्हा चावी मारली की ते मोडतं आणि मग विमा मिळत नाही. मिस्त्री पाना मागायला आले होते. त्यांनी बोनेटमध्ये एक नजर टाकली आणि सहज विचारलं, "कितव्या चावीला आवाज आला, साहेब?"

"तिसऱ्या," मालक म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

मिस्त्री पाना घेऊन निघून गेले. हसले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. कुणाची फजिती करायची त्यांना हौस नव्हती. त्यांना फक्त काय घडलं ते कळायला हवं असे. त्यानंतर पाण्याची कुठलीही अडलेली केस असली की मी त्यांच्याकडे जायला लागले. जेवायच्या सुट्टीत गेलं की ते डब्यातली अर्धी भाकरी आणि बोंबलाची चटणी माझ्या पुढे सारायचे. "मॅडम, खावा. गिरगावात असलं नाय मिळत." मी म्हणायचे, "मिळतं हो." ते मान हलवायचे. त्यांना ते पटत नसे.

एकदा एक कोवळा मुलगा कोरी करकरीत गाडी घेऊन आला. त्याला मडगार्डला भोक नको होतं. नुसता बाहेरून चिकटवलेला पाइप हवा होता, दिसायला. मिस्त्रींना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि समजावल्यासारखं म्हणाले, "बाबा, नाक लावायचं तर त्यातून श्वास चालायला पाहिजे. उद्या तू गाडी विकशील. घेणारा बघेल, नाक आहे. तो पाण्यात घालेल. मग?" मुलगा म्हणाला, मी विकणारच नाही. मिस्त्रींनी कपबशी उचलली. "मग दुसरीकडे जा. मला झोप नाय लागायची."

ही गोष्ट मला पुढे फार वेळा आठवली.

केदार मिस्त्रींचं गिऱ्हाईक, दातांचा डॉक्टर. दादरला राहायचा, आई आणि तो. तिशी नुकती ओलांडलेली. त्याच्याकडे एक जुनी डिझेल जीप होती आणि शनिवार-रविवार तो दवाखाना बंद करून कुठे कुठे जायचा. मिस्त्री त्याला डॉक्टर म्हणायचे. त्यांचं जमलं ते धुळीवरून.

कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीची धूळ थेट इंजिनात जाते आणि फिल्टर दोन दिवसांत चोंदतो. त्यावर उपाय म्हणून स्नॉर्कलच्या डोक्यावर एक पारदर्शक वाटी लावतात. हवा तिच्यात शिरताना गरगर फिरते, जड धूळ कडेला फेकली जाऊन वाटीत पडते आणि स्वच्छ हवा तेवढी खाली जाते. वाटी भरली की काढून झटकायची. केदारच्या जीपला मिस्त्रींनी अशी वाटी बसवली आणि कच्छला जाऊन आल्यावर केदार ती न झटकता तशीच घेऊन आला. मिस्त्रींनी बोटांत धूळ चोळली, जिभेला लावली.

"खारट आहे."

"रण आहे ते, मिस्त्री. मिठाचं."

मिस्त्रींनी ती वाटी किती वेळ उजेडाकडे धरली होती! मग कळलं की त्यांनी आयुष्यात दोनच ठिकाणं पाहिली होती, मुंबई आणि महाडच्या पुढचं त्यांचं गाव. त्यानंतर केदार कुठूनही आला की वाटी तशीच भरलेली आणायचा. मिस्त्री चोळून, हुंगून ओळखायचा प्रयत्न करायचे. लाल बारीक असली की "सावंतवाडीच्या साईडची". काळी असली की "देशावरची". एकदा राखाडी, पिठासारखी धूळ आली. त्यांना ती काही केल्या ओळखता येईना. "लडाख," केदार म्हणाला. "पुढच्या वर्षी तुम्हाला घेऊन जातो. आईशप्पथ." मिस्त्री घरी जाऊन बायकोला म्हणाले असणार, कारण पुढच्या वेळी मी गेले तेव्हा गाळ्यात लोकरीची एक कानटोपी आलेली होती.

त्या पावसाळ्याच्या आधी केदारने जीपचं सगळं नाक नव्याने बसवून घेतलं. जुन्या पाइपाला तडा गेला होता. काम संपलं त्या दिवशी मी तिथेच होते, स्टुलावर बसून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा फॉर्म भरत. पोळपाटाची परीक्षा झाली. इंजिन मेलं. केदारने टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "मिस्त्री, आता किती पाण्यातून जाईल?"

मिस्त्री स्टुलावरून उतरत होते. फडक्याला हात पुसत म्हणाले, "बोनेट बुडू दे डॉक्टर. तुमचं इंजिन बंद पडणार नाय."

ते खरं होतं. शंभर टक्के खरं होतं. पण गाडी पाण्यात जाते म्हणजे नुसतं इंजिन जात नाही. मांडीभर वाहतं पाणी असेल तर ते गाडीला खालून उचलतं, चाकं जमिनीवरून सुटतात, आणि मग इंजिन चालू असो की बंद, गाडी पाण्याची होते. हे मला माहीत होतं. अशा गाड्या मी बघितल्या होत्या. मी मान वर करून दोघांकडे पाहिलं, हसले आणि फॉर्म भरत राहिले. मला कुणी विचारलं नव्हतं.

जुलैत रायगड जिल्ह्यातल्या एका गावाजवळ केदारने जीप नदीत घातली. पलीकडे रस्ता दिसत होता. मधे फरशी होती, बिनकठड्याचा बुटका पूल, तिच्यावरून पाणी चाललं होतं. तो एकटाच होता. अर्ध्यात गेल्यावर जीप आडवी फिरली आणि फरशीवरून घसरली. बरीच खाली जाऊन ती बंधाऱ्याला टेकून उभी राहिली, सरळ, चाकांवर. केदार त्याआधीच खिडकीतून बाहेर पडला होता. तो दुसऱ्या दिवशी सापडला, आणखी खाली.

गावातले लोक दोर घेऊन बंधाऱ्यावर पोचले तेव्हा जीपचं बोनेट पाण्याखाली होतं, टप आणि त्याच्या कडेचा काळा पाइप वर होता. आणि इंजिन चालू होतं. जुनं डिझेल इंजिन, एकदा चालू झालं की त्याला विजेची गरज लागत नाही. आत कुणी नाही, आणि पाण्याखालून तो घरघर आवाज येतोय. एका म्हाताऱ्याने मला सांगितलं, "बाई, आम्ही हाका मारत होतो. वाटलं, आवाज येतोय म्हणजे माणूस आहे."

ती केस माझ्याकडे आली. मी नको म्हणू शकले असते. म्हटलं नाही. जीप मुंबईत आणल्यावर केदारच्या आईने सांगितलं की उघडायची तर कासारे मिस्त्रीच उघडतील, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ती क्रेनवरून चिंचपोकळीला उतरवली तेव्हा मिस्त्री गाळ्याच्या दाराशी उभे होते. चार दिवसांची दाढी. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. सीटमध्ये गाळ होता, दारातून अजून पाणी ठिबकत होतं. त्यांनी बोनेट उघडलं आणि फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा एकेक करून काढल्या. झाकण उचललं. फिल्टर बाहेर काढून दोन्ही हातांत धरला, दाबला, उलटा केला.

मग माझ्या पुढे धरला. "हात लावा, मॅडम."

मी हात लावला. कागद कोरडा होता. कडेला थोडीशी धूळ होती, तीसुद्धा कोरडी.

"थेंब नाय," मिस्त्री म्हणाले. ते खाली बसले, तिथेच, ऑइलच्या डागांवर. "एक फट राहिली असती ना मॅडम... खालचं भोक बुजवायचं विसरलो असतो... तर पाण्यात शिरल्या शिरल्या बंद पडली असती. कडेलाच. शिव्या दिल्या असत्या त्यांनी मला. उतरून चालत आले असते."

मी म्हटलं, तुमची काही चूक नाही. हे वाक्य मी कामात हजार वेळा बोलले असेन.

"मग रिपोर्टात काय लिहिणार?"

"स्नॉर्कल आणि सगळे सांधे सुस्थितीत. फिल्टरमध्ये पाणी नाही."

"आणि मी बोललो ते?"

"काय बोललात?"

"बोनेट बुडू दे म्हणालो ते. तुम्ही होतात ना तिथं. ते लिहा."

मी सांगितलं, रिपोर्टात बोललेलं लिहीत नाहीत, बघितलेलं लिहितात. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. रागाने नाही. एखाद्या कारकुनाने खिडकी बंद केल्यावर माणूस बघतो तसे. मीही तिथे होते, मीही गप्प बसले, हे मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं. ओझं अर्धं झालं असतं की दुप्पट, कोण जाणे. मी सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. केदारच्या आईला भेटायला जायचं होतं. "एकट्याला नाय जमणार मला." मी गेले. दादरचं दुसऱ्या मजल्यावरचं घर. मिस्त्री इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि सोफ्याच्या अगदी कडेवर बसले होते. केदारच्या आई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, चहा केला, मिस्त्रींच्या बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली.

"तो तुमच्याबद्दल फार बोलायचा," त्या म्हणाल्या. "दर वेळी निघताना मी कटकट करायचे. तर म्हणायचा, आई, कासारे मिस्त्रींचं काम आहे, गाडी बंद पडणार नाही."

त्यांनी हे कौतुकाने सांगितलं होतं. टोमणा नव्हता, मी त्यांचा चेहरा बघत होते. मिस्त्रींच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी तो खाली ठेवला.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "गाडी सापडली तेव्हा टप पाण्याच्या वर होता ना? मग तो टपावर का नाही चढला? आत तरी का नाही बसून राहिला?"

मिस्त्री म्हणाले, "माहीत नाय, बाई."

"इंजिन चालू होतं, मग त्याला वाटलं असेल ना, की अजून निघेल?"

मिस्त्रींनी मान हलवली. हो की नाही ते कळण्यासारखं नव्हतं. जिना उतरताना ते प्रत्येक पायरीवर थांबत होते. खाली आल्यावर म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्यानंतर गाळा उघडायचा, पण काम वेगळंच व्हायला लागलं. स्नॉर्कल बसवलं की मिस्त्री पांढरा रंग घेऊन दारावर एक आडवी रेघ मारायचे, चाकाच्या निम्म्या उंचीला. "याच्यावर पाणी गेलं की गाडी सोडायची. वाहत्या पाण्यात तर घालायचीच नाय." गिऱ्हाईक आधी हसायचं, मग चिडायचं. नव्या रंगावर रेघ कोण ठेवेल? मग ते विचारायचे, पोहता येतं का. लग्न झालंय का. घरात कोण कोण आहे. एकाला त्यांनी आईचा फोन नंबर मागितला. लोक यायचे बंद झाले. दोन तासांत बसवून देणारे पुढच्या नाक्यावर होतेच.

मग त्यांनी स्नॉर्कल सोडलं आणि फक्त धुळीच्या वाट्या बसवायला घेतल्या, त्याही जनरेटरना, खडी फोडायच्या मशीनना. जी जागची हलत नाहीत अशा यंत्रांना. त्यांचा मुलगा विकास एका खाजगी कंपनीत नोकरी करतो. तो मला म्हणाला, "मॅडम, बाबा जेवताना मधेच थांबतात. आई विचारते काय झालं, तर म्हणतात, काय नाय, आवाज येतो." कसला आवाज ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

मी जायचे. आधी महिन्यातून एकदा, मग सणासुदीला. आम्ही दोघं बाकड्यावर बसायचो. ते पूर्वीसारखी भाकरी पुढे सारायचे आणि स्वतः खायचे नाहीत. एकदा न राहवून मी म्हटलं, "मिस्त्री, त्या दिवशी मलाही माहीत होतं. मीही बोलू शकले असते." रुळांवरून मालगाडी जात होती, तिचे सगळे डबे जाईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "तुम्हाला विचारलं नव्हतं त्यांनी. मला विचारलं होतं." हे सांगताना त्यांचा आवाज मऊ होता, जणू मला त्यातून बाहेर काढत होते. मला बाहेर पडायचं नव्हतं, पण त्यांनी जागा दिली नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ते गेले. साधा ताप, तीन दिवसांचा. विहारात वंदना झाली, चाळीतली बरीच माणसं होती. मी मागे उभी होते. पण मला ते आठवतात ते त्याच्या आधीचे, ऑगस्टमधले. तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं.

सकाळपासून पाऊस होता आणि दादर-परळच्या मधे हिंदमाताच्या चौकात पाणी भरलं होतं. बस दादरलाच थांबली, म्हणून मी परळकडे चालत निघाले. पुढे हॉर्नचा गोंधळ ऐकू आला. रस्त्याच्या मधोमध, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एक म्हातारा माणूस हात वर करून उभा होता. त्याच्यासमोर एक मोठी जीप, काळं नाक टपापर्यंत चढलेलं. चालवणारा खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

"काका, बाजूला व्हा ना! स्नॉर्कल आहे गाडीला, काय नाय होत!"

"दिसतंय मला," मिस्त्री म्हणाले. "मागे घे."

"अहो, गुडघाभर पाणी पण नाहीये!"

"मागे घे रे बाबा. मागे घे."

फुटपाथवर काही पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. पाठीमागच्या गाड्या ओरडत होत्या. मिस्त्री हलले नाहीत. त्यांचा वर केलेला हात खाली येत नव्हता. शेवटी त्या मुलाने शिवी हासडली, गाडी मागे घेतली आणि बाजूच्या गल्लीत वळवली. मिस्त्री ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग पुढची गाडी येते का ते बघायला वळले आणि मी त्यांना दिसले.

"मिस्त्री," मी म्हटलं, "चला, घरापर्यंत सोबत येते."

त्यांनी मला ओळखलं. "मॅडम, तुम्ही इथून नका येऊ," ते घाईने म्हणाले. "मागच्या रस्त्याने जा. इथं पाण्याला ओढ आहे."

पाण्याला ओढ नव्हती. माझ्या पोटऱ्यांपर्यंत गढूळ पाणी उभं होतं. त्यावर कुणाची तरी चप्पल तरंगत होती आणि ती जागची हलत नव्हती.

"बरं," मी म्हटलं, आणि मागच्या रस्त्याने गेले.